आर्ट्स अँड क्राफ्ट्स घर-संग्रहालयातले कार्यक्रम: घराला किती झेपतं, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीतल्या १९१०च्या सुमाराच्या एका छोट्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स (म्हणजे साधेपणा आणि हाताचं काम यांचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीच्या शैलीतल्या) घर-संग्रहालयाच्या कार्यक्रम समितीवर तुम्ही नुकत्याच आल्या आहात. समितीला नवीन माणसं यायला हवी आहेत आणि तुमच्या मराठी मंडळातले ८० जण एका रविवारी यायला तयार आहेत. बैठकीच्या खोलीत दिवाळी फराळ, वरच्या मजल्यावर तांब्याच्या पत्र्याची कार्यशाळा आणि संध्याकाळी पणत्या, अशी यादीही तयार आहे. यातलं काय जमेल?

फराळ, कार्यशाळा आणि पणत्या घराच्या आत अजिबात नकोत. ८० जण एका दिवसात सहज येऊन जातील, पण एका वेळी नाही. ही बंधनं नीट पाळली तर उरलेला कार्यक्रम जास्त चांगला होईल. घराला झेपणारे कार्यक्रमच या चळवळीच्या विचाराशी जास्त प्रामाणिक असतात.

आधी माणसांचा हिशोब. फेरीतली सगळ्यात लहान खोली शोधा, आकडा तीच ठरवते. समजा झोपायची खोली ४ मीटर बाय ४ मीटर आहे. १६ चौरस मीटरपैकी निम्मी जागा पलंग, कपाट आणि त्यांच्याभोवती सोडलेलं अंतर खातं. उरलेल्या ८ चौरस मीटरमध्ये माणशी पाऊण चौरस मीटर धरा. गाईडसकट १० ते ११ माणसं मावतात, म्हणून पाहुणे १०. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर आणखी एक कमी करा.

८० जणांचे १०-१० चे आठ गट होतात. साडेदहापासून दर अर्ध्या तासाला एक गट सोडा, शेवटचा दोन वाजता. फेरी कागदावर एक तासाची असते: अर्धा तास खाली, अर्धा तास वर. घोळ होतो तो जिन्यावर, कारण अशा घरांत बहुतेक वेळा पाहुण्यांना वापरता येईल असा जिना एकच असतो. दर अर्ध्या तासाला आधी वरचा गट खाली येऊन पूर्ण बाहेर पडेल, मग खालचा गट वर जाईल, त्यानंतरच व्हरांड्यातला नवीन गट आत येईल. यात चार-पाच मिनिटं जातात, म्हणून गाईडचं बोलणं दर मजल्यावर २५ मिनिटांतच बसवा. वेळ चुकली की तीन गट जिन्याच्या तोंडाशी एकत्र येतात. त्या गर्दीत पाठीवरच्या पिशव्या भिंतीला घासतात आणि कठड्यावर भार येतो. एका गाईडला दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या देऊ नका, त्याही लागोपाठ नकोत. म्हणजे चार गाईड, दर मजल्यावर एक लक्ष ठेवणारा आणि दाराशी एक, अशी सात माणसं धरा.

वरच्या मजल्याबद्दल जास्त सावध राहा. अमेरिकेत आजच्या नियमांनुसार घरातल्या खोल्यांची जमीन दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरून आखतात, झोपायच्या खोल्यांना ३० पौंडही चालतात. लोक जमतात त्या सभागृहांना मात्र १०० पौंड धरतात. तुमचं घर यांपैकी कुठल्याच नियमावर बांधलेलं नाही. म्हणून वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसं चालतील हे जुन्या इमारतींची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. हातोडे चालवणं, नाच, ढोल-लेझीम हे सगळं वरच्या मजल्यावर बंद. एका तालात पडणारा भार नुसत्या उभ्या माणसांपेक्षा जमिनीला जड जातो.

आता फेरीत दाखवायचं काय? तुमच्या जवळचंच उदाहरण पार्सिपनीच्या क्राफ्ट्समन फार्म्सचं. या चळवळीतला फर्निचर बनवणारा गुस्ताव स्टिकली याने १९०८पासून तिथे जमीन घ्यायला सुरुवात केली. १९११चं त्याचं लाकडी घर त्याच जमिनीवर तोडलेल्या चेस्टनटच्या ओंडक्यांचं आहे. मुळात ते क्लबहाऊस म्हणून आखलं होतं आणि शेजारी मुलांची शाळा काढायची होती. शाळा झाली नाही. १९१५मध्ये स्टिकलीचं दिवाळं निघालं, १९१७मध्ये जागा विकली गेली. पुढे तिथे टाऊनहाऊसं उभी राहायची वेळ आली तेव्हा १९८९मध्ये टाऊनशिपने ती ताब्यात घेतली. मूळच्या साधारण ६५० एकरांपैकी ३० एकर आज शिल्लक आहे. ही पडझड फेरीत सांगायलाच हवी. साधेपणाचा आणि हाताच्या कामाचा पुरस्कार करणारा माणूस धंद्यासाठी घेतलेल्या मॅनहॅटनमधल्या बारा मजली इमारतीचा खर्च पेलू शकला नाही, हे ऐकल्यावर लोक खरे प्रश्न विचारायला लागतात. नुसतं कौतुक ऐकलेले लोक मान डोलावतात आणि पुढच्या खोलीत जातात.

एका खोलीत एकच वस्तू घ्या आणि तिच्यापाशी चार मिनिटं थांबा. उदाहरणार्थ ओकचं साइडबोर्ड, म्हणजे जेवणाच्या खोलीतलं बुटकं कपाट. बाजूच्या फळीतून आरपार निघालेलं सांध्याचं टोक दाखवा. ते वरून चिकटवलेलं नाही, आतल्या आडव्या पट्टीचंच टोक आहे. मग छोटा टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरा. क्वार्टर-सॉन, म्हणजे गाभ्याच्या दिशेने चिरलेल्या, व्हाईट ओकमध्ये चमकणारे आडवेतिडवे पट्टे उठून दिसतात. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या ओळी कापताना उघड्या पडतात, त्याच या. असं कापताना लाकूड जास्त वाया जातं, पण फळी कमी वाकते. चार मिनिटांत एवढं दिसलं की पुढच्या प्रत्येक खोलीत लोक आपणहून सांधे आणि पट्टे शोधायला लागतात.

पाहुण्यांना अडवणारे दोरखंड शक्य तितके कमी ठेवा. या शैलीत भिंतीतली बाकं, शेकोटीचा कोनाडा आणि खिडकीखालची बैठक हाच घराचा प्राण असतो. इंग्लंडमध्ये विंडरमियरजवळच्या ब्लॅकवेल या, वास्तुकार बेली स्कॉटने आखलेल्या घरात पाहुण्यांना खिडकीतल्या बैठकांवर बसू देतात. त्यामुळे खोली कशासाठी बांधली हे न सांगता कळतं. तुमच्याकडे कुठलं बाक बसण्याइतकं भक्कम आहे ते क्युरेटरला ठरवू द्या आणि त्यावर सुटी गादी टाका. बाकी मूळ खुर्च्यांच्या बैठकीवर पाइनकोन किंवा सुकं बोंड ठेवलं की न बोलताही कोणी बसत नाही. हात लावायला वेगळा ट्रे ठेवा: ओकचा तुकडा, ठोकलेल्या तांब्याचा तुकडा, मॅट ग्लेझची टाइल, जाड लिननवरचं भरतकाम. घरातल्या शेकोटीवरच्या तांब्याच्या हुडला मात्र बोट नको. घामाने उठलेला डाग पुढे काळा पडतो आणि तो घासून काढायचा तर मूळ पॅटिना, म्हणजे वर्षानुवर्षांत चढलेला रंग, जातो.

संध्याकाळच्या कार्यक्रमांत उजेडाचा हिशोब विसरला जातो. कापड आणि कागदासाठी ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, आणि होणारं नुकसान साठत जातं. फोटो चांगले यावेत म्हणून तीन तास २०० लक्स उजेड ठेवला तर ६०० लक्स-तास होतात, म्हणजे ५० लक्समधले १२ तास. दिवस आठ तासांचा धरला तर एका संध्याकाळी दीड दिवसाचा उजेड खर्च झाला. असे कार्यक्रम वर्षातून मोजकेच ठेवा आणि त्या दिवशी भरतकामाचे पडदे-रुमाल काढून प्रती लावा.

कार्यशाळा गॅरेजमध्ये, तबेल्यात किंवा मांडवात घ्या. पहिली कार्यशाळा म्हणून मी ओकच्या रंगाची सुचवेन. खर्च थोडा आणि घराशी थेट नातं. स्टिकलीच्या कारखान्यात ओकचं फर्निचर बंद खोलीत कडक अमोनियाच्या वाफेत ठेवत. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी अमोनियाची क्रिया होऊन रंग खोलवर तपकिरी होई. त्यासाठी २६ टक्क्यांच्या आसपासचा अमोनिया लागे. तो लोकांसमोर कधीही उघडू नका, फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा होते. नमुने तुम्हीच आधी उघड्यावर करून ठेवा. झाकणाच्या काचेच्या बरणीत वाटीभर घरगुती अमोनिया आणि त्याला न टेकणारे ओकचे तुकडे. एक ६ तासांनी काढा, एक २४, एक ४८. जवळपास ब्लीच नको, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. काढलेले तुकडे दिवसभर वाऱ्यावर ठेवा. ते राखाडी, मळकट दिसतात आणि लोक म्हणतात की प्रयोग फसला. मेण चोळलं की तपकिरी रंग वर येतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या अर्ध्या भागावरच मेण लावून ठेवा.

पाहुण्यांच्या हातात द्यायचा तो लोखंडाचा प्रयोग. ५०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये सगळ्यात बारीक, ०००० नंबरच्या स्टील वुलचा एक गोळा घाला. तो आधी साबणाने धुवा, तेलकटपणा राहिला तर क्रिया धिमी होते. दोन दिवस ठेवा. झाकण सैलच असू द्या, आत हायड्रोजन तयार होतो आणि घट्ट बंद बरणी फुटू शकते. मग कॉफी फिल्टरमधून गाळा. माणशी तीन तुकडे द्या, १० सेंटिमीटर बाय ५: ओक, पाइन आणि तिसरा पुन्हा पाइन, पण कडक काळ्या चहाने रंगवून पूर्ण वाळवलेला. ब्रशने द्रव लावला की ओक काही मिनिटांत करडा-काळा होतो, नुसता पाइन जेमतेम बदलतो आणि चहा प्यायलेला पाइन काळपट होतो. टॅनिन कुठे आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. केसांना लावायची मेंदी आपल्याकडे लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवतात त्यामागे हीच क्रिया आहे. मंडळातल्या आज्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही, त्याच मुलांना सांगतील. मात्र अमोनियाचा तपकिरी रंग आणि लोखंडाचा काळा रंग या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे गाईडने स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर स्टिकलीचं फर्निचर व्हिनेगरने रंगवलं होतं असं ऐकून लोक घरी जातील.

शेवटी लावायला तयार मेणच द्या, जवसाचं तेल नको. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते, आणि लाकडी घराच्या आवारात ही जोखीम घेण्याचं काही कारण नाही. तेल वापरावंच लागलं तर चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी आवाराबाहेर न्या.

तांब्याचं काम १२ वर्षांपुढच्यांना द्या, एका वेळी आठ जण, दोन तास. २४ गेज जाडीची १० सेंटिमीटरची चकती, दीड सेंटिमीटर खोल खळगा कोरलेला लाकडी ठोकळा आणि पाव किलोच्या आतला गोल तोंडाचा हातोडा. काठापासून सुरू करून चकती थोडी थोडी फिरवत आत जायचं. ठोकून तांबं कडक होतं, आवाज खणखणीत होतो आणि पत्रा दबेनासा होतो. तिथे थांबून तो मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. तापवायचा गॅसचा टॉर्च फक्त शिक्षकाच्या हातात. हट्टाने ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. काठावर चुणी पडली तर ती मिटून घडी होण्याआधी बाहेरून हलके ठोकून सपाट करा, घडी झाली की चकती गेली. कानात इअरप्लग सगळ्यांच्या. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम (तांब्याची भांडी ठोकून घडवणं) माहीत असलेलं कोणी मंडळात असेल तर त्यांना बोलवा. ठोक्यांच्या खुणा झाकायच्या नाहीत, त्याच सजावट होतात, हे दोन्हीकडे सारखं आहे. एखादं मठारलेलं भांडं शेजारी ठेवलं तर फार बोलावं लागणार नाही. लहान मुलांना ३६ गेजचा पातळ पत्रा, खाली वर्तमानपत्रांची गादी आणि लाकडी काडी. पत्र्याच्या कडा आधी अर्धा सेंटिमीटर दुमडून द्या, बोटं कापतात.

दिवाळी जरूर करा, पण बाहेर. तेलाच्या पणत्यांऐवजी बॅटरीचे दिवे, तेही व्हरांड्याच्या पायऱ्यांवर. रांगोळी हिरवळीवर ठेवलेल्या ४ फूट बाय ४ फूट प्लायवूडवर काढा. तिची पूड बुटांबरोबर आत गेली तर फरशीच्या पॉलिशवर सँडपेपरसारखी चालते. हळदीचा डाग लिननवरून जात नाही, म्हणून हळदी-कुंकू मांडवातच. फराळाचा चुरा उंदीर आणि गालिच्यातले किडे बोलावतो. खाणं फेरीनंतर ठेवा, आधी नको. ताजी फुलंही आत नकोत, परागांचे डाग पडतात आणि किडे येतात.

दोन कल्पना दुसऱ्या घरांकडून घेण्यासारख्या आहेत. पॅसाडीनाच्या गॅम्बल हाऊसमध्ये, म्हणजे ग्रीन बंधू या वास्तुकारांच्या १९०८च्या घरात, शाळकरी मुलांना तयार करून त्यांच्याहून लहान मुलांना घर दाखवायला लावतात. तुमच्या मराठी शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना एकेक खोली द्या, मराठीतून फेरी आपोआप तयार होईल. दुसरी कल्पना दुरुस्तीची. स्कॉटलंडमधल्या हिल हाऊस या जुन्या घराच्या सिमेंटच्या गिलाव्यात पाणी मुरत होतं. २०१९मध्ये त्याभोवती जाळीचा मोठा पिंजरा उभारला आणि त्यातल्या चालवाटांवरून लोक छपराच्या वरून घर बघायला लागले. तुमच्याकडे यंदा खिडक्यांची दुरुस्ती होणार असेल तर खिडकी झाकून ठेवू नका. काम करणाऱ्या सुताराची परवानगी घेऊन शनिवारी दोन तास लोकांना बघू द्या, दोरी बांधून दीड मीटर अंतर ठेवा.

जे जिना चढू शकत नाहीत त्यांच्यासाठी वरच्या खोल्यांच्या मोठ्या छापील फोटोंचा अल्बम आणि हात लावायचा ट्रे खाली तयार ठेवा, आणि त्यांच्यासाठी एक माणूस बसवा. अल्बम नुसता टेबलावर ठेवून दिला तर कोणी उघडत नाही.

मंडळाला जाणाऱ्या ईमेलमध्ये एवढं लिहा: गटाची नेमकी वेळ, पाठीवरच्या पिशव्या आणि स्ट्रोलर दाराशी ठेवणं, मऊ तळव्याचे बूट, टोकदार टाचा नाहीत, पेनऐवजी पेन्सिल, आणि आत पाण्याची बाटलीही नाही. थोडी तरी फी आगाऊ घ्या. मोफत ठेवलं की नावं भरपूर येतात, माणसं येत नाहीत, आणि साडेअकराचा गट बारा वाजता दाराशी उभा राहतो.