आपटा म्हणून ओरबाडला जाणारा कांचन

प्रश्न : ताई, आमच्या अंगणातल्या झाडाला सगळी गल्ली आपटा म्हणते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विचारून, न विचारता फांद्या मोडून नेतात. फेब्रुवारीत पानं झडली की झाड गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जातं. सासूबाई म्हणतात, याच्या कळ्यांची भाजी करतात. हा आपटाच का? भाजी खरंच करावी का? आणि छाटणी कधी करू?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : फुलांचं वर्णन वाचूनच सांगते, हा आपटा नाही, कांचन आहे. आपट्याची फुलं बारीक, पांढरट-पिवळसर. सहसा लक्षातही येत नाहीत. दोघं एकाच कुळातले आणि दोघांचंही पान जोडपान, म्हणून ही गल्लत गावोगाव होते. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं तळहाताएवढं होतं.

अजून खात्री हवी तर एक उमललेलं फूल हातात घ्या. पाच पाकळ्यांपैकी एकीवर गडद रेघा दिसतील आणि मध्ये वर वळलेले पाच पुंकेसर. तीनच पुंकेसर असते आणि फुलं दिवाळीच्या सुमारास, पानं झाडावर असतानाच आली असती, तर तो देवकांचन ठरला असता. या दोघांच्या संकरातून झालेलं फूल हाँगकाँगच्या झेंड्यावर आहे. त्या झाडाला बी धरत नाही, त्यामुळे ते कलमं करूनच वाढवतात.

फांद्या मोडू देणं मात्र यंदापासून बंद करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. पावसाळ्यात वाढलेल्या ज्या फांद्यांवर वसंतात फुलं यायची, नेमक्या त्याच दसऱ्याला जातात. शेजाऱ्यांना फुललेल्या झाडाखाली बोलवा, एवढी मोठी फुलं आपट्याला येत नाहीत हे त्यांनाच दिसेल.

सासूबाईंचं अगदी बरोबर आहे. उत्तर भारतात कचनारच्या, म्हणजे कांचनाच्याच, कळ्या बाजारात विकायला येतात. तुम्ही घट्ट मिटलेल्या कळ्याच खुडा, उमललेल्या नकोत. देठ काढा, मिठाच्या पाण्यात उकळा, ते पाणी टाकून द्या आणि कळ्या घट्ट पिळून घ्या. तुरटपणा त्या पाण्याबरोबर जातो. मग मोहरी-हिंगाची फोडणी, भरपूर कांदा, हिरवी मिरची, कळ्या, आणि वरून बेसन पेरून एक वाफ. दह्यातही छान लागते. कळ्या शिजून अगदी थोड्या होतात, तेव्हा मोठी वाटीभर तरी लागतील. पण झाडावर औषध फवारलं असेल तर त्या वर्षी भाजी नको. रस्त्याकडेच्या धुरातल्या झाडाच्या कळ्याही आणू नका.

छाटणी बहर संपल्यावर, एप्रिलमध्ये करा. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या की पुरे. रोपं हवी असतील तर काही चपट्या शेंगा ठेवा, मात्र त्या तडकायच्या आत उतरवा. उन्हात फुटल्या की बिया लांब उडतात. पावसाच्या तोंडावर पिशवीत बी टाकलं की सहज उगवतं.

आणि सालीबद्दल, न विचारताच सांगते. आयुर्वेदातल्या कांचनार गुग्गुळ या औषधात कांचनाची साल असते, ते गंडमाळेवर, म्हणजे मानेतल्या गाठींवर, देतात. हे ऐकून कुणी साल मागायला आलं तर देऊ नका. औषध वैद्यांकडून घ्यायचं असतं, आणि खोडाची साल सगळीकडून सोलली तर झाड वाळतं.