अ‍ॅनिमेशनवाल्या नार्नियाची डिस्क अडली असेल तर

मुलीसाठी १९७९ चं अ‍ॅनिमेटेड 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (नार्नियाची पहिली गोष्ट) डीव्हीडीवर अमेरिकेतून मागवलं आणि पुण्यात लॅपटॉपने 'रीजन चुकीचा' म्हणून अडवलं, असं तुम्ही लिहिलंय. आधी हात आवरा. रीजन बदलू का, असं विचारणाऱ्या चौकटीत 'ओके' दाबू नका.

रीजन म्हणजे डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी याचा आकडा: अमेरिकेचा १, ब्रिटनचा २, आपला ५. लॅपटॉपच्या बहुतेक ड्राइव्हना हा आकडा पाचदाच बदलता येतो. मग शेवटचा असेल तोच कायमचा. ही मोजणी ड्राइव्हच्या आतच राहते, त्यामुळे विंडोज नव्याने टाकूनही सुटका नाही. माझा ड्राइव्ह असाच गेला. 'सगळीकडे चालते' अशी जाहिरात करणाऱ्या विक्रेत्याने 'सील फोडलंय' म्हणून हात वर केले. याची चीड अजून गेलेली नाही. त्यापेक्षा टीव्हीला जोडायचा ऑल-रीजन प्लेअर घ्या, एनटीएससी (अमेरिकेची टीव्ही-पद्धत) आणि पाल (ब्रिटनची आणि आपली) दोन्ही चालवणारा. 'ऑल-रीजन' छापलेलं प्रत्येक मॉडेल खरं निघेलच असं नाही, दुकानात हीच डिस्क लावून बघा.

पुन्हा मागवायची वेळ आली तर दिग्दर्शकाचं नाव बघा: बिल मेलेंडेझ, चार्ली ब्राउनची कार्टून्स करणारे. बीबीसीची १९८८ ची सहा भागांची मालिका खऱ्या नटांची आहे, पण त्यात काही प्राणी चित्रांतून काढलेत, म्हणून तिच्याशी गफलत करू नका.

आवाजांचे संच दोन आहेत. चेटकिणीला बेथ पोर्टर असेल तर अमेरिकन, शीला हॅनकॉक असेल तर ब्रिटिश. अस्लान, म्हणजे सिंह, दोन्हींत स्टीफन थॉर्नच. मला ब्रिटिश संच आवडतो, पण पालमध्ये चित्रपट सहसा चार टक्के जास्त वेगाने पळतो: ९५ मिनिटांचं काम ९१ मध्ये उरकतं आणि सिंहाचा भारदस्त आवाज किंचित चिरका होतो. कान तिखट असतील तर एनटीएससीच घ्या.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण मुलीला आधी वाचून दाखवा, कारण चित्रपट गोष्टीतली छोटी ल्यूसी नार्नियाच्या जादूच्या कपाटातून बाहेर येते तिथून सुरू होतो. पुस्तकात भेटवस्तू देणारा फादर ख्रिसमस यात नाही. त्या भेटवस्तू अस्लानच देतो. अमेरिकेत हा १ आणि २ एप्रिल १९७९ असा दोन रात्रींत दाखवला होता, तुम्हीही दोन संध्याकाळी दाखवा. मुलगी लहान असेल तर सिंहाची आयाळ भादरतात तेव्हा तिच्याजवळ बसा.