लिनक्स मिंटवर व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि ऑफिसचं जॅबर एकाच खिडकीत हवंय. कोणतं अ‍ॅप घ्यावं?

एका खिडकीचा नाद सोडा. व्हॉट्सअ‍ॅपचं लिनक्ससाठी अधिकृत अ‍ॅप नाही, ते ब्राउझरमध्येच चालवा. टेलिग्रामचं स्वतःचं लिनक्स अ‍ॅप चांगलं आहे, तेच टाका. राहिलं जॅबर, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येणारी चॅटची खुली पद्धत (एक्सएमपीपी). त्याला पिजिन घ्या, कबुतराच्या चिन्हाचं चॅट अ‍ॅप.

आमचं हळदीचं दुकान सांगलीत गणपती पेठेत, गोदाम मार्केट यार्डात. दोन्हीकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी मिंट टाकलं, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर प्रॉसडी हे जॅबरचं सर्व्हर सॉफ्टवेअर बसवलं आणि दुकान-गोदामाचं बोलणं पिजिनवर आणलं. थोरल्या भावाला हे कधीच पटलं नाही. "सगळा बाजार व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तू कबूतरं उडवतोस," हे मी रोज ऐकलं. दादा सौदे फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपनेच करायचा. पण दर ठरला की दिवाणजी तो पिजिनवर गोदामाला कळवायचे, एवढी शिस्त मी लावली होती.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. दुकानातला कॉम्प्युटर गेला, वह्या भिजल्या, माल वर चढवताना दादाचा फोन पाण्यात पडला. त्यातल्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप बंद होता. महिन्याभराने एक खरेदीदार म्हणाला, जुलैतल्या 140 पोत्यांचा दर क्विंटलमागे 200 रुपयांनी कमी ठरला होता. दादाकडे दाखवायला काही नव्हतं.

पिजिन प्रत्येक बोलणं तारखेच्या नावाने साध्या फाइलीत ठेवतं. होम फोल्डरात पर्पल नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, नावाआधी टिंब, त्यात लॉग्ज, म्हणजे बोलण्याच्या नोंदी. ते रोज रात्री विश्रामबागेत माझ्या लॅपटॉपवर उतरत होतं. मी जुलैची फाइल उघडली. गोदामातून विचारलेलं, "पार्टीचा माणूस आलाय, दर काय सांगू?" खाली दिवाणजींचं उत्तर, वेळेसकट. खरेदीदाराने दोनदा वाचलं आणि पूर्ण पैसे दिले.

दादा आजही म्हणतो, फोनचा बॅकअप चालू असता तर तेच झालं असतं. झालंही असतं, पण भरवसा नाही. तो बॅकअप उघडायला तेच अ‍ॅप आणि तोच नंबर लागतो. माझी फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. याहू मेसेंजर जुलै 2018 मध्ये बंद झालं. त्यावरचं माझं पिजिनमधून केलेलं बोलणं अजून माझ्या डिस्कवर आहे. अ‍ॅप निवडताना हे आधी बघा. दिसणं, स्टिकर, ते नंतर.

आता पिजिनचे दोषही सांगतो. पासवर्ड सेव्ह केलात तर ते अकाउंट्सच्या फाइलीत उघडे ठेवतं, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट करा. ओमेमो, म्हणजे निरोप फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असं एन्क्रिप्शन, त्यात मुळात नाही, वेगळं प्लगइन लागतं. गुप्तता महत्त्वाची असेल तर गजीम किंवा डिनो ही जॅबरची दुसरी अ‍ॅप्स घ्या. तेही बोलणं तुमच्याच मशीनवर ठेवतात, फक्त डेटाबेस फाइलीत. आणि पुराच्या त्या दिवसांत वीज नव्हती, तेव्हा फोनच उपयोगी पडला, हे दादाचं मान्य. म्हणून तर फोनवर कन्व्हर्सेशन्स हे जॅबरचं अँड्रॉइड अ‍ॅप टाकायचं, खातं तेच. त्याच्या नव्या फोनवर मी ते टाकून दिलंय. निदान दराचं बोलणं तरी त्याने तिथे करावं.