खुर्चीतून उठणाऱ्या माणसाकडे नीट पाहा

सप्रेम आशीर्वाद.

ज्येष्ठांसाठीच्या फिजिओथेरपी विभागात रुजू झाल्यापासून रोज कानावर पडणारे एक वाक्य तू पत्रात लिहिलेस, "आता वय झाले, हातापायांत बळ कुठून राहणार?" ऐकून ऐकून ते तुलाही पटू लागले आहे, असे वाचले आणि हे उत्तर लांबवायचे नाही असे ठरवले.

त्या वाक्यात तथ्य आहेच. कोणताही मोठा आजार नसलेल्या माणसाचीही ताकद पन्नाशीनंतर हळूहळू आणि सत्तरीनंतर अधिक वेगाने उतरते. मज्जारज्जूतून स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी वयानुसार कमी होतात. त्यांच्यावाचून पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी सांभाळून घेते, उरलेले वाळून जातात. सर्वांत जास्त झळ लागते ती जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंना. म्हणूनच सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालणाऱ्या आजोबांना ठेच लागली की पाऊल चटकन पुढे पडत नाही आणि तोल जातो.

दंडाचा किंवा मांडीचा घेर पाहून मात्र ताकदीचा अंदाज बांधू नकोस. अमेरिकेत 70 ते 79 वर्षांच्या स्त्री-पुरुषांना तीन वर्षे तपासून 2006 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत पायांची ताकद स्नायूंच्या वस्तुमानाच्या सुमारे तिप्पट वेगाने घटलेली दिसली आणि ज्यांचे वस्तुमान टिकून होते त्यांचीही ताकद उतरलेली होती. तेव्हा मोजायची ती ताकद आणि तिच्या जोरावर होणारी कामे. वयाबरोबर येणारा स्नायूंचा अशक्तपणा ओळखण्यासाठी 2019 मध्ये आशियाई तज्ज्ञगटाने ठरवलेल्या मर्यादा तुला पाठ हव्यात: हाताची पकड पुरुषांत 28 आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी असणे, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असणे, किंवा हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला 12 सेकंद किंवा अधिक लागणे.

या शेवटच्या चाचणीवर माझा फार भरवसा आहे, पण ती केवळ घड्याळाकडे पाहून घेऊ नये. गेल्या वर्षी चौऱ्याहत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. रोज देवळापर्यंत चालत जातो, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. उठताना त्या आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकल्या, पावले गुडघ्यांच्या मागे ओढली, धड पुढे झोकून दिले आणि तिसऱ्या झटक्याला उभ्या राहिल्या; बसताना शेवटचा वीतभर टप्पा धपकन गेला. एकूण 21 सेकंद लागले. उठताना मांडीचे बळ किती हे कळते, तर बसताना त्या बळावर ताबा किती उरला आहे हे कळते, म्हणून नोंद दोन्हींची ठेव.

मग मी घरची चौकशी केली. उठता येणार नाही या भीतीने त्या दोन वर्षे जमिनीवर बसल्याच नव्हत्या. स्वयंपाकघरात उंच स्टूल आले, भाजीची पिशवी नातू उचलू लागला, जिना चढू नका असे सुनेने बजावले. प्रत्येक गोष्ट मायेपोटीच झाली होती, परंतु पायांवर भार पडण्याचे एकेक निमित्त घरातून काढून घेतले गेले आणि जे झाले ते वयाच्या नावावर जमा झाले. चालणे हृदयाला हितकारक असते. मांडीला मात्र त्याहून जड काम लागते.

ते काम द्यायला घाबरू नकोस. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वर्षे वयाच्या अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे मांडीचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरीने पावणेतीनपट झाली, हे 1990 साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्याकडे मात्र ज्येष्ठांना हात वर, हात खाली करायला लावून घरी पाठवले जाते, याचे मला वाईट वाटते. रक्तदाब आणि सांधे तपासून असे वजन निवड की आठ-दहा आवर्तनांतली शेवटची दोन कष्टाने व्हावीत. आठवड्यातून निदान दोन दिवस हे करून घे आणि तोलाचे व्यायाम वेगळे दे. जेवणाचीही चौकशी कर. रात्री चहा-बिस्किटांवर भागवणारे ज्येष्ठ पुष्कळ भेटतील, आणि त्यांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवी असतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घे.

त्या बाईंना तीन महिन्यांनी 14 सेकंद लागले. आकडा अजून मर्यादेच्या पलीकडेच आहे, परंतु भाजी निवडायला त्या आता पाटावर बसतात आणि एक हात भिंतीला टेकून स्वतःच्या स्वतः उठतात. पुढच्या पत्रात तुझ्या पहिल्या दहा रुग्णांची उठबस लिहून पाठव, सेकंदांसह आणि हात कुठे टेकले त्यासह.

तुझी,
ताई