नव्या स्पिरुलिनाला ऊन बेतानेच द्यावे

स्पिरुलिना या सूक्ष्म, निळसर हिरव्या शेवाळाचे बियाणे नव्या टाकीत सोडल्यावर भरपूर उन्हाने ते झपाट्याने वाढेल, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पातळ कल्चरमध्ये, म्हणजे शेवाळ विरळ असलेल्या पाण्यात, त्याच्या तंतूंना एकमेकांची सावली मिळत नाही, प्रत्येकावर थेट प्रकाश पडतो आणि पेशींतील प्रकाशयंत्रणेची दुरुस्ती होण्याआधीच तिची मोडतोड होत राहते. म्हणून पाण्यात बुडवलेली पांढरी तबकडी साधारण ५ सेंटिमीटरवर दिसेनाशी होईपर्यंत टाकीवर शेडनेट ठेवावे. थंडीतल्या सकाळी तर अधिक जपावे, कारण गार पाण्यात ही दुरुस्ती मंदावते. निळसर हिरवा रंग पिवळट पडून तंतूंच्या गुठळ्या दिसू लागल्या, तर माझ्या मते खताची घाई न करता आधी सावली करावी. मंद प्रकाशात वाढ रेंगाळते खरी, पण निळे रंगद्रव्य वाढते.