वाचकांचे प्रश्न : जनुकाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा

कर्करोगाच्या गाठींमधील जनुकीय बदलांवर, म्हणजे म्युटेशन्सवर, मागच्या अंकात लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : तोंडाच्या कर्करोगावरच्या एका शोधनिबंधातील तक्त्यात टीटीएन हे जनुक पुष्कळ रुग्णांत बदललेलं दिसतं, कॅस्प८ त्याहून कमी रुग्णांत. तरी निष्कर्षात कॅस्प८ महत्त्वाचं ठरतं आणि टीटीएनचं नावही नाही. असं का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, औंध)

‘किती रुग्णांत’ हा एकच रकाना वाचला की हमखास फसगत होते. टीटीएन हे टायटिन या स्नायूतल्या अवाढव्य प्रथिनाचं जनुक. हे प्रथिन सुमारे ३५,००० अमिनो आम्लांचं, म्हणजे जनुकातला त्याचा मजकूर डीएनएच्या एक लाखाहून अधिक अक्षरांचा (एका अमिनो आम्लाला तीन अक्षरं). कर्करोगात वारंवार बिघडणाऱ्या टीपी५३ या जनुकाचं प्रथिन ३९३ अमिनो आम्लांचं, मजकूर जेमतेम १,२०० अक्षरांचा. पाऊस सारखाच पडला तरी मोठ्या गच्चीवर थेंब जास्त पडणारच. त्यात हा पाऊस सगळीकडे सारखा पडतही नाही. पेशी दुभंगताना ज्या जनुकांची नक्कल उशिरा होते, किंवा जी त्या ऊतीत फारशी वापरात नसतात, तिथे चुका अधिक साचतात. वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं एके काळी कर्करोगाच्या याद्यांत दिसायची ती यामुळेच. मायकेल लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये हा घोळ आकड्यांनिशी मांडला. तेव्हापासून जनुकाची लांबी, नकलेची वेळ आणि वापर यांचा हिशेब धरूनच ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ बदल कुठे आहेत ते काढलं जातं.

म्हणून आधी बदल कुठे पडलेत ते बघा. एचआरएएससारख्या वाढीला ढकलणाऱ्या जनुकात ते प्रथिनातल्या १२, १३, ६१ अशा ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा येतात, कारण प्रथिन मोडलं तर गाठीचा फायदा नाही, ते कायम ‘चालू’ राहिलं तरच फायदा. कॅस्प८सारख्या रोखून धरणाऱ्या जनुकात बदल विखुरलेले असतात, पण त्यांतले बरेचसे प्रथिन अर्ध्यावर तोडणारे. कॅस्प८ पेशीला मरणाचा हुकूम देण्याच्या साखळीत काम करतं, तेव्हा ते मोडणं गाठीच्या पथ्यावरच पडतं. टीटीएनमधले बदल मात्र कसेही पसरलेले दिसतील.

गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत होणाऱ्या कर्करोगावरचं भारतीय काम या दृष्टीने जरूर वाचा. तंबाखू-चुना मळून नेमका तिथेच धरला जातो, त्यामुळे महाराष्ट्राला ते जवळचं आहे. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली एनआयबीएमजी ही जिनोमिक्स संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र यांचा हा प्रकल्प २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ ही ओळखीची नावं त्यात मिळालीच, शिवाय यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ यांसारखी नवीही मिळाली. त्यांनी ५० रुग्णांत आधी सगळा शोध घेतला आणि मग वेगळ्या ६० रुग्णांत तीच जनुकं पुन्हा तपासली. कोणत्याही निबंधात ही दुसरी पायरी आहे का ते पाहायची सवय लावून घ्या. तुलनेसाठी ‘निरोगी’ नमुना कुठला घेतला तेही बघा. रक्त असेल तर उत्तम. तंबाखू खाणाऱ्याच्या गाठीशेजारचं, दिसायला चांगलं अस्तर घेतलं असेल तर शंका धरा, कारण त्या अस्तरातही काही बदल आधीच झालेले असू शकतात. मग ते दोन्हीकडे सापडतात आणि गाठीच्या यादीतून निरोगी नमुन्यातले बदल वजा करताना नाहीसे होतात.

प्रश्न : आईच्या फुप्फुसाच्या गाठीचा रिपोर्ट आला : ‘ईजीएफआर एल८५८आर, प्रमाण ११ टक्के’. म्हणजे फक्त ११ टक्के कर्करोगावरच गोळी चालेल का? आणि आम्हा भावंडांना धोका आहे का? (चिंचवड)

दोन्हींचं उत्तर नाही. ईजीएफआर हे पेशीला वाढायला सांगणारं जनुक, आणि त्यातला हा बदल असला तर त्याला रोखणारी गोळी देता येते. एल८५८आर म्हणजे प्रथिनातील ८५८व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आलं. जनुकाच्या मजकुरात २,५७३व्या जागी टी हे अक्षर होतं, तिथे जी झालं, एवढाच तो बदल. ११ टक्के म्हणजे त्या जागेच्या जितक्या प्रती मशीनने वाचल्या, त्यांतल्या शंभरात ११ प्रतींवर बदल होता. ६०० वाचल्या असतील तर ६६ प्रतींवर.

आता रिपोर्टमध्ये ‘ट्यूमर कंटेंट’, म्हणजे नमुन्यात गाठीच्या पेशी किती, ही ओळ शोधा. सुईने काढलेल्या तुकड्यात गाठीच्या पेशींबरोबर रक्तवाहिन्या, पांढऱ्या पेशी, धागे असं पुष्कळ काही येतं. समजा तिथे २५ टक्के लिहिलंय. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बदल सहसा एकीवर असतो. गाठीच्या झाडून सगळ्या पेशींत तो असला तरी प्रमाण २५ च्या निम्मं, १२.५ टक्केच भरणार. म्हणजे तुमच्या आईंचे ११ टक्के हे जवळपास संपूर्ण गाठीचे झाले! गाठीत ईजीएफआरच्या प्रतीच वाढल्या असतील तर हा सरळ हिशेब बिघडतो, पण गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर बदल आहे की नाही यावर ठरवतात, टक्क्यांवर नाही.

हा बदल जन्मानंतर फुप्फुसाच्या पेशीत झालेला असतो, तो मुलांकडे येत नाही. याच जनुकातला टी७९०एम हा दुसरा बदल उपचार सुरू होण्याआधीच, तोही ५० टक्क्यांच्या आसपास दिसला, तर मात्र रक्ताची तपासणी करून घ्यावी. तो क्वचित घराण्यात चालत आलेला असतो.

प्रश्न : बायोप्सी छोट्या रुग्णालयात झाली. जनुक तपासणीच्या लॅबने ‘डीएनए निकृष्ट’ म्हणून ब्लॉक परत केला. चूक कुणाची? (हडपसर)

दोष कुणाचा ते ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) बघून सांगता येत नाही, पण डीएनए बहुधा कुठे बिघडतो ते सांगता येतं. तुकडा शरीराबाहेर आला की तासाभराच्या आत फॉर्मालिन या टिकवणाऱ्या द्रावणात पडायला हवा. फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट आणि बफर केलेलं, म्हणजे आम्लधर्मी होऊ न देणारी मिठं घातलेलं हवं : एक लिटरसाठी १०० मिली बाजारी फॉर्मालिन, ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट. बरेचदा ही मिठं गाळून नुसतं पाणी घातलं जातं. मग द्रावण हळूहळू आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. तुकडा किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२ तास बुडलेला असावा. शुक्रवारी संध्याकाळची बायोप्सी सोमवारची सुट्टी धरून मंगळवारी उशिरा प्रोसेसिंगला गेली की ती मर्यादा ओलांडली जाते.

जास्त वेळ फॉर्मालिनमध्ये राहिलेल्या डीएनएमध्ये सी हे अक्षर हळूहळू टी म्हणून वाचलं जाऊ लागतं. तीन-चार टक्क्यांच्या पातळीवर सी-चे टी झालेले असे बदल ढिगाने दिसले, तर ते गाठीचे नसून बाटलीतले असण्याची शक्यता मोठी. यूडीजी नावाच्या एन्झाइमची प्रक्रिया आधी केली तर त्यांतले बरेचसे गळतात. हाडातली गाठ आम्लात मऊ केली असेल तर मात्र इलाज नाही. तिथे आधीपासूनच आम्लाऐवजी ईडीटीए हे कॅल्शियम काढून घेणारं रसायन वापरावं लागतं, वेळ जास्त जातो, पण डीएनए टिकतो.

तुम्ही आता दुसरा ब्लॉक शिल्लक आहे का ते विचारा. नसेल तर रक्तातून, म्हणजे गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएवर, तपासणी होते का ते डॉक्टरांशी बोला. साध्या ईडीटीए नळीत (तिथे ते रक्त गोठू देत नाही) रक्त घेतलं तर काही तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या कराव्याच लागतात. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात आणि गाठीचा आधीच मोजका असलेला डीएनए त्यांच्या डीएनएत बुडून जातो. लांबून नमुना पाठवायचा असेल तर पेशी न फुटू देणारी खास नळी मागा.

प्रश्न : बहिणीच्या बीआरसीए२ तपासणीत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला. तिला शस्त्रक्रिया करून टाकायची आहे. (सिंहगड रोड)

बीआरसीए२ हे स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या आनुवंशिक धोक्याशी जोडलेलं जनुक, पण या शेऱ्यावर शस्त्रक्रिया ठरवू नका. २०१५ पासूनच्या, निरुपद्रवी ते रोगकारक अशा पाच पायऱ्यांच्या वर्गीकरणात हा मधला वर्ग आहे : पुरावा ना इकडचा ना तिकडचा. पुढे पुरावा जमला की यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. भारतीयांत हा शेरा जास्त मिळतो, कारण तुलनेच्या जागतिक संग्रहांत आपले लोक कमी आहेत. ‘इंडिजेन’ या भारतीय प्रकल्पातले १,०२९ भारतीयांचे जिनोम यासाठीच मोलाचे आहेत. घराण्यात कुणाला कोणत्या वयात काय झालं याचा तक्ता घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा, आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला फेरवर्गीकरण विचारा.

प्रश्न : म्युटेशनवर प्रयोगासाठी पेशी पुण्यात मिळतील का? (संशोधक विद्यार्थी, पाषाण)

विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्रात राष्ट्रीय पेशीसंग्रह आहे. शेजारच्या लॅबमधून ‘उसन्या’ आणण्यापेक्षा तिथून घ्या. आल्याबरोबर काही व्हायल (छोट्या कुप्या) गोठवा, एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींची डीएनए ओळख, तपासा (नोंदीशी ८० टक्क्यांहून कमी जुळली तर थांबा) आणि पेशींत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूसाठी पीसीआर ही डीएनए चाचणी दर महिन्याला लावा. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनने तो मरत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही. शेवटी, ज्या बदलावर काम करायचं तो स्वतः सँगर या डीएनए वाचण्याच्या पद्धतीने वाचून घ्या. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती प्रत्यक्षात एम१४ या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींची निघाली, आणि मेलानोमात नेहमी सापडणारा बीआरएएफ व्ही६००ई हा बदल तिच्यात आहे.