कंट्रोलर दोन असूनही व्हॉल्व्ह का मिटले?

प्रश्न : आमच्या प्रकल्पात रिडंडंट पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक, ज्यात एक कंट्रोलर बंद पडल्यास दुसरा काम सांभाळतो) बसवला आहे. चाचणीसाठी मुख्य कंट्रोलर मुद्दाम बंद केला, तेव्हा स्टँडबाय कंट्रोलरने ताबा घेतला खरा, पण रिमोट रॅकवरील (कंट्रोलरपासून दूर, नेटवर्कने जोडलेल्या इनपुट-आउटपुट कार्डांच्या चौकटीवरील) काही सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह क्षणभर मिटून पुन्हा उघडले. हा प्रोग्रॅममधील दोष आहे का? यावर उपाय म्हणून सर्व इनपुट-आउटपुट कार्ड दुहेरी करावीत का?
– एक वाचक

उत्तर : सर्वप्रथम रिमोट रॅकचा वॉचडॉग, म्हणजे संपर्कावर लक्ष ठेवणारा टायमर, तपासावा. ठरलेल्या वेळेत कंट्रोलरकडून नवा डेटा आला नाही, तर संपर्क तुटला असे समजून रॅक आपली आउटपुट नेमून दिलेल्या स्थितीत नेतो, आणि ही स्थिती बहुतेक ठिकाणी ‘बंद’ अशीच ठेवलेली असते. स्विचओव्हरला, म्हणजे एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे ताबा जाण्यास, लागणारा वेळ वॉचडॉगच्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर तुम्ही पाहिले तसेच घडते. नेटवर्क प्रोफिनेट या औद्योगिक इथरनेटचे असून रिंग (वर्तुळाकार केबल जोडणी) एमआरपी, म्हणजे मीडिया रिडंडन्सी प्रोटोकॉल, पद्धतीची असेल, तर रिंग तुटल्यावर नवा मार्ग मिळण्यास 200 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, हेही हिशेबात धरावे. मात्र वॉचडॉगची वेळ मनमानी वाढवणे धोक्याचे आहे, कारण दोन्ही कंट्रोलर खरोखरच बंद पडले तर तेवढा वेळ आउटपुट शेवटच्या स्थितीतच अडकून राहतील. प्रक्रिया ते किती वेळ सहन करू शकते, यावरूनच वरची मर्यादा ठरवावी. चाचणीच्या क्षणी रॅकच्या डायग्नॉस्टिक नोंदींत संपर्क तुटल्याचा उल्लेख नसेल, तर मात्र प्रोग्रॅमकडे वळावे : स्टँडबायने ताबा घेताच ‘फर्स्ट स्कॅन’चे (प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीतच चालणारे) लॉजिक चालून आउटपुट शून्य होत नाहीत ना, हे पाहावे.

सरसकट सर्व कार्ड दुहेरी करण्याची गरज नाही. त्याआधी आहेत त्याच कार्डांवरील सिग्नलची विभागणी तपासावी. एकाच टाकीच्या पातळीचे तीन ट्रान्समीटर (मोजमाप विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवणारी उपकरणे) एकाच कार्डाला जोडलेले असतील, तर तिघांचा उपयोग कार्ड बिघडताच संपतो. फ्यूज आणि वीजपुरवठा सामाईक असेल तरीही तेच होते. दोन ट्रान्समीटर असतील आणि एकाचा प्रवाह 3.6 मिलिअँपिअरपेक्षा खाली किंवा 21 च्या वर गेला, तर नामूर या प्रक्रिया उद्योगातील ऑटोमेशन वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई 43 शिफारशीनुसार तो बिघडलेला मानता येतो. दोघांचेही प्रवाह मर्यादेत असून वाचने वेगळी असतील, तर खरे कोणते हे ठरवता येत नाही. अशा मोजमापासाठी तीन ट्रान्समीटर वेगवेगळ्या कार्डांवर घेऊन मधले मूल्य वापरावे.

आउटपुट दुहेरी करताना अधिक सावध राहावे. दोन डिजिटल (चालू-बंद) आउटपुट डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकातून) समांतर जोडली, तर एक बंद पडल्यावरही व्हॉल्व्ह उघडा राहतो. परंतु त्यांपैकी एक ‘चालू’ स्थितीत अडकले तर व्हॉल्व्ह बंद करता येत नाही. म्हणून आणीबाणीत मिटायलाच हव्या अशा व्हॉल्व्हसाठी ही जोडणी चुकीची आहे. प्रवाहाच्या अ‍ॅनालॉग (कमी-जास्त होणाऱ्या) आउटपुटची समांतर जोडणी केल्यास दोन्ही प्रवाहांची बेरीज होते, म्हणजे प्रत्येकी 12 मिलिअँपिअर दिल्यास लूपमध्ये 24 जातात. त्यामुळे प्रत्येक कार्डाकडून निम्मा प्रवाह घ्यावा आणि एक बिघडताच दुसऱ्याने पूर्ण भार उचलावा, अशी रचना लागते. ती तुमच्या कार्डांत उपलब्ध आहे का, हे खरेदीपूर्वीच तपासावे. पुढच्या चाचणीत केवळ कंट्रोलर बंद करून थांबू नका. प्रक्रिया सुरक्षित स्थितीत असताना नेटवर्कची एक केबल आणि एक आउटपुट कार्डही काढून पाहा.